‘नोटा’ पहिला आला तर विधानसभेची फेरनिवडणूक होते का?

‘नोटाला (म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला) सर्वांत जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते आणि ते सगळे उमेदवार बाद होतात’ हा मेसेज दर विधानसभेला फिरतो. विधानसभेच्या बाबतीत हे खरं नाही.

मतदान यंत्रावर उमेदवारांच्या खाली, अगदी शेवटी, नोटाचं, फुली मारलेल्या मतपत्रिकेचं चिन्ह असतं. ते बटण २०१३ साली आलं. पण निकालाचा नियम बदलला नाही. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला ६४ वा नियम सांगतो, की सर्वाधिक वैध मतं मिळालेला उमेदवार विजयी. नोटा उमेदवार नाही. समजा, नोटाला ५०,००० आणि सर्वांत पुढच्या उमेदवाराला १०,००० मतं पडली, तरी आमदार तोच होणार. अनामत रक्कम वाचवायला वैध मतांचा जो एक-षष्ठांश हिस्सा लागतो, तो काढतानाही नोटा धरत नाहीत.

लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला नोटा २७,५०० मतांसह चक्क दुसऱ्या स्थानावर होता. तिसऱ्या क्रमांकावरचा उमेदवार अधिकृत निकालात मात्र दुसराच धरला गेला.

गैरसमज व्हायला कारणही आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून महापालिका-नगरपालिकांसाठी फेरनिवडणुकीची तरतूद आहे. ती विधानसभेला लागू नाही.

स्वतः पाहायचं असेल तर आपल्या मतदारसंघाचा ‘फॉर्म २०’ डाउनलोड करा. त्यात मतदान केंद्रनिहाय आकडे असतात. ‘एकूण वैध मतं’ हा रकाना आणि नोटाचा रकाना वेगवेगळे दिसतील. उमेदवारांची मतं स्वतः बेरीज करून पाहा, नोटा त्यात मिळवलेला नसतो.