गुरगुरणाऱ्या कुत्र्याला गप्प करू नका

जेवणाच्या टेबलाखाली ब्रूनो हाड चघळत बसलाय. तीन वर्षांची चिऊ वाकून आत शिरते, हाडाकडे हात नेते आणि ब्रूनो गुरगुरतो. घरात एकच गलका. बाबा त्याच्या पाठीत चप्पल घालतात. आजी म्हणते, "सोफ्यावर घेऊन बसता, मग डोक्यावर चढणार नाही तर काय!"

आजीच्या या वाक्याला अलीकडे 'अल्फा' नावाचा शास्त्रीय मुखवटा मिळाला आहे. कुत्रा म्हणजे घरातला लांडगा, त्याला कळपाचा म्होरक्या व्हायचं असतं आणि मूल सगळ्यात खालच्या पायरीवर, म्हणून तो त्याच्यावर गुरगुरतो, असं हे स्पष्टीकरण. उपायही ठरलेले: त्याच्याआधी आपण जेवायचं, दारातून आधी आपण बाहेर पडायचं, आणि फारच माजला तर उताणा पाडून दाबून धरायचा.

या कल्पनेचा उगम स्वित्झर्लंडमधला. बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं वागणं पाहून रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये त्यांच्यातल्या चढाओढीचं वर्णन केलं. टीव्हीवर एका घरात कोंडलेल्या स्पर्धकांची भांडणं बघून मराठी कुटुंबावर प्रबंध लिहावा, तसंच हे. अमेरिकन संशोधक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे 'अल्फा' सर्वतोमुखी झाला. पण डेव्हिड मीच यांनी पुढे कॅनडाच्या उत्तर टोकाजवळच्या एल्समिअर बेटावर वर्षानुवर्षं मोकळे लांडगे पाहिले. तिथला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. सिंहासन नाही, बंड नाही. १९९९ मध्ये त्यांनी हे शोधनिबंधात मांडलं आणि आपलंच जुनं पुस्तक छापू नका म्हणून ते प्रकाशकांच्या मागे लागले. असा संशोधक विरळा. त्यांची चूक मात्र अजून गल्लोगल्ली फिरते आहे.

वर्चस्व हा शब्द विज्ञानात नाही असं नाही. नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे यांनी १९२१ च्या सुमारास कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोचतं याचा क्रम लावला, तिथून तो आला. पण एखाद्या गोष्टीवरून दोन प्राण्यांमध्ये वारंवार खटके उडाले आणि दर वेळी एकानेच माघार घेतली, तर त्या दोघांमधल्या नात्याला तो शब्द लावतात. 'हा कुत्रा वर्चस्ववादी स्वभावाचा आहे' याला तिथे अर्थ नाही.

मग ब्रूनो गुरगुरला कशासाठी? हाडासाठी. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी मुलांना चावलेल्या १०३ कुत्र्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. सहा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत सर्वाधिक चावे, म्हणजे ४४ टक्के, खाणं किंवा आवडती वस्तू राखताना झालेले होते. तपासलेल्यांपैकी निम्म्या कुत्र्यांना दुखणं असल्याचं आढळलं किंवा तशी शंका आली. तीनचतुर्थांशाहून जास्त कुत्र्यांत अस्वस्थतेची लक्षणं होती. ज्यांचा आधीचा इतिहास कळला, त्यांच्यातले ६६ टक्के कुत्रे त्यापूर्वी कुठल्याही मुलाला चावलेले नव्हते. 'आमचा काही करत नाही हो' हे दारात उभं राहून म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा.

सत्ता गाजवण्याची हौस या चित्रात कुठे दिसत नाही. दिसते ती धास्ती. माणूस जवळ आला की तोंडातलं जातं, हे कुत्र्याला आपणच शिकवलेलं असतं. पळवलेला मोजा हिसकावून घेतो, सवय व्हावी म्हणून भांड्यात हात घालून बघतो. वर चप्पल बसली की त्याचा हिशोब पक्का होतो: चिऊ जवळ आली की हाडही जातं आणि मारही पडतो. याच विद्यापीठाच्या २००९ च्या पाहणीत मालकांना विचारलं होतं की, कोणत्या उपायावर कुत्रा उलट अंगावर आला. मारल्यावर किंवा लाथ घातल्यावर ४३ टक्के, उताणा दाबून धरल्यावर ३१ टक्के.

आणि मार खाऊन गुरगुरणं खरंच थांबलं, तर ते जास्त वाईट. धास्ती तिथेच राहते, फक्त भोंगा बंद पडतो. असा कुत्रा पुढच्या वेळी थेट चावतो आणि घरचे म्हणतात, 'काही सूचना न देता चावला.' सूचना त्याने खूप दिलेल्या असतात. झोप आलेली नसताना जांभई, उगाच नाक चाटणं, तोंड फिरवणं, उठून दुसरीकडे जाणं, अंग ताठ करणं, डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसणं. गुरगुरणं त्यानंतर येतं. शेपूट हलतंय म्हणून निर्धास्त राहू नये. तणावातला कुत्राही शेपूट हलवतो.

मोठ्यांच्याच नजरेतून हे सुटतं, तिथे मुलांचं काय? ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठात कर्स्टिन माइंट्स यांनी लहान मुलांना कुत्र्यांचे चेहरे दाखवले, तेव्हा चारेक वर्षांच्या अनेक मुलांना दात विचकणारा कुत्रा हसतोय असं वाटलं. अशा मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीवर असतं आणि त्याला मिठी मारायची असते. लहान मुलांना चावे बहुधा चेहऱ्यावर आणि मानेवर होतात, ते यामुळे.

म्हणून मूल लहान असेपर्यंत जबाबदारी ना त्याची, ना कुत्र्याची. दोघांना एका खोलीत एकटं सोडायचं नाही, दोन मिनिटं कुकर बंद करायला जायचं असलं तरी. लहान फ्लॅटमध्ये हे अवघड आहे, पण दाराला लाकडी आडफाटक बसवता येतं. खाणं आणि हाड फाटकापलीकडेच. त्याची पथारी ही त्याची, तिथे चिऊने जायचं नाही आणि झोपलेल्या कुत्र्याला कोणीच हात लावायचा नाही. तोंडात काही नको ते असेल तर हिसकावू नका. चिकनचा तुकडा दाखवून अदलाबदल करा. चिऊ लांबून जाताना मोठ्या माणसाने ब्रूनोपुढे खाऊ टाकावा. असं बरेच दिवस झालं की त्याचा हिशोब उलटा लागतो: ही पोरगी दिसली की काहीतरी मिळतं. आतापर्यंत शांत असलेला कुत्रा अचानक चिडचिडा झाला तर आधी डॉक्टरकडे न्या. पावसाळ्यात कान चिघळतात, वयस्क लॅब्राडोरचे खुब्याचे सांधे दुखतात. कुत्रा एकदा चावला असेल तर घरगुती प्रयोग पुरे, वर्तनाची जाण असलेला पशुवैद्य गाठा.

चावलाच, तर जखमेवर हळद, चुना, तिखट काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, घरच्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

चिऊला एक खेळ शिकवता येतो. आपण ब्रूनोकडे जायचं नाही, आई जवळ असताना त्याला हाक मारायची. आला तर छातीवर तीन आकडे होईपर्यंत खाजवायचं आणि हात मागे घ्यायचा. त्याने नाक पुढे केलं तर पुन्हा तीन. तोंड फिरवलं तर त्याला आत्ता नकोय.