‘अपो’ची टेस्ट सांगितलीय? बुकिंगआधी चिठ्ठी नीट वाचा

‘डॉक्टरांनी हार्टची ती अपोची टेस्ट सांगितलीय’, एवढ्यावर आम्हा लॅबवाल्यांना काहीच कळत नाही. अपो-बी, अपो-ए१, लायपोप्रोटीन-ए आणि अपो-ई जिनोटाइप या चार वेगळ्या तपासण्या आहेत. पहिल्या तीन चरबी वाहून नेणाऱ्या कणांचं किंवा प्रोटीनचं रक्तातलं प्रमाण मोजतात, त्यांना पिवळ्या झाकणाची ट्यूब लागते. चौथी तुमच्याकडे अपो-ई जीनचे कोणते प्रकार आहेत ते बघते. अपो-ई जिनोटाइपला जांभळ्या झाकणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूब लागते, कारण पांढऱ्या पेशींतला डीएनए हवा असतो. पिवळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठतं, डीएनए नीट निघत नाही, आणि तुम्हाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. म्हणून चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आल्याशिवाय आम्ही होम कलेक्शन पक्कं करत नाही. काहींना हा अडेलतट्टूपणा वाटतो, पण इलाज नाही.

जिनोटाइपसाठी उपाशी राहू नका, चहा-नाश्ता करून या. सोबत लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि चरबीची तपासणी) लिहिलं असेल तर मात्र १० ते १२ तास उपाशी, पाणी चालतं. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा बोन मॅरो बदलला असेल तर आधी सांगा, रिपोर्ट दात्याचा येऊ शकतो.

जिनोटाइपच्या रिपोर्टवर जीनच्या ई२, ई३, ई४ या प्रकारांपैकी दोन दिसतील (दोन्ही एकच असू शकतात): एक आईकडून, एक वडिलांकडून. ई३ सर्वांत जास्त आढळतो. रक्तातले चरबीचे कण लिव्हरने ओढून घ्यावेत म्हणून या जीनपासून बनणारं अपो-ई प्रोटीन त्यांना पकड देतं. ई४ असलेल्यांचं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) सरासरीने थोडं जास्त असतं, हृदयविकाराचा धोकाही थोडा वाढतो. पण अटॅक ठरलेला, असं मुळीच नाही. ई२ची पकड कमजोर, तरी एलडीएल सहसा कमीच दिसतं. त्यावरून ई२/ई२ वाले निर्धास्त होतात, तिथेच फसतात. डायबेटिस, मंद थायरॉइड किंवा वाढतं वजन जोडीला आलं की त्यांच्यातल्या काहींचं कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) दोन्ही एकदम चढतात. तळहाताच्या रेषा पिवळसर दिसू लागल्या तर डॉक्टरांना दाखवाच.

ई४चा संबंध अल्झायमरशीही आहे. ते जाणून घ्यायचं की नाही हे घरी ठरवून या. संमतीपत्रावर सही त्यासाठीच घेतो.

जीन बदलत नाही, त्यामुळे ही टेस्ट आयुष्यात एकदाच. जुना रिपोर्ट असेल तर तोच डॉक्टरांना दाखवा. दरवर्षीच्या पॅकेजात ती घुसवणं आम्हाला पटत नाही. लिपिड प्रोफाइल मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करावं लागतं. दादर-माटुंगा-परळ भागात त्यासाठी सकाळी ७ ते १० आमचा माणूस घरी येतो, उपाशीपोटी लोकल पकडायची गरज नाही.