नवा प्रोसेसर, जुनीच चाल: अपग्रेडनंतर येणाऱ्या संथपणाची पार्श्वभूमी

इंटेलच्या ३८६ किंवा ४८६ प्रोसेसरवर चालणाऱ्या जुन्या संगणकात वेगवान प्रोसेसर बसवला, मशीन विनातक्रार सुरूही झालं, पण काम मात्र पूर्वीसारखंच रेंगाळतंय. चिप खराब निघाली असेल असं आधी वाटतं. प्रत्यक्षात तसं क्वचितच असतं. जुन्या बोर्डात (मदरबोर्डात) बसणारी नवी चिप त्या बोर्डाला सांभाळून घ्यायचं म्हणून स्वतःची बरीचशी ताकद बंद ठेवूनच सुरू होते. ही सवय तिला १९९०च्या दशकात लागली आणि तिची कारणं त्या काळातल्या बोर्डांत सापडतात.

त्याआधीचा मामला सरळ होता. आयबीएम पीसीच्या ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ जागी एनईसीची व्ही२० चिप थेट बसायची. दोघींच्या पिना ४०, बाहेरची डेटा बस (माहितीची ये-जा होणारा मार्ग) दोघींची ८ बिटांची. फरक थोडाच पडायचा आणि तो लगेच दिसायचा, कारण चालू-बंद करण्यासारखं काही आत नव्हतंच. ३८६ चा वेग वाढत गेला तेव्हा साध्या रॅमला तो झेपेना, म्हणून बोर्डावर वेगळी कॅश (नेहमी लागणाऱ्या माहितीची प्रत ठेवणारी छोटी, वेगवान मेमरी) आली. तिचा सगळा हिशेब चिपसेटकडे (बोर्डावरच्या साहाय्यक चिपांकडे) असायचा.

१९८९ च्या ४८६ ने ८ केबी कॅश प्रोसेसरच्या पोटात नेली. त्यासोबत एक नवी गरज उभी राहिली. फ्लॉपी किंवा स्कझी (डिस्क जोडण्याचं) कार्ड डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला वगळून, थेट रॅममध्ये लिहितं, तेव्हा 'तुझ्याकडची प्रत शिळी झाली' हे प्रोसेसरला कळवावं लागतं. ४८६ च्या १६८ पिनांत त्याची सोय होती. ३८६ च्या १३२ पिनांत नव्हती. पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे आहे.

१९९२ मध्ये सायरिक्स या कंपनीने ४८६डीएलसी ही चिप आणली. नावात ४८६ असलं तरी ती ३८६डीएक्सच्या सॉकेटात बसायची आणि आत फक्त १ केबी कॅश होती. बोर्डाला या कॅशचा पत्ताच नसल्यामुळे रीसेटनंतर ती बंद राहील अशीच रचना केली होती. ज्या बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामला) चिप ओळखता येत नाही, तो कॅश चालूही करत नाही. मग चिपसोबत आलेला छोटा डॉस प्रोग्राम मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये घालणं हाच मार्ग. तो घालायचा राहिला तर अपग्रेडचा बराचसा फायदा पाण्यात.

बरं, कॅश चालू केली तरी एक खोच उरतेच. डीएमए झाला की कॅश रिकामी करायची, यासाठी चिपमध्ये एक बिट आहे: बसचा ताबा दुसऱ्याकडे गेला की कॅश पुसली जाते. पण अनेक ३८६ बोर्डांवर रॅमच्या रिफ्रेशसाठीसुद्धा (तिच्यातली माहिती टिकावी म्हणून ती पुन्हापुन्हा ताजी करण्यासाठी) साधारण दर १५ मायक्रोसेकंदांनी प्रोसेसरकडून बसचा ताबा काढून घेतला जातो. ३३ मेगाहर्ट्झला हे अंतर जेमतेम ५०० क्लॉकचं (प्रोसेसरच्या ठोक्यांचं). कॅश भरते न भरते तोच पुसली जाते. उपाय बायोसमध्ये आहे: हिडन रिफ्रेश चालू करा, म्हणजे रिफ्रेशसाठी प्रोसेसरला थांबवावं लागत नाही. हा पर्याय नसेल आणि बिट बंद ठेवलं, तर वेग मिळेल पण फ्लॉपीवरून वाचलेल्या फायली बिघडतील. तपासणी सोपी आहे. एका फ्लॉपीची यादी पाहा, फ्लॉपी बदला, पुन्हा यादी मागा. जुनीच यादी दिसली तर कॅश शिळा माल देते आहे.

१९९२ मध्येच इंटेलने ४८६डीएक्स२ आणली: आत ६६, बाहेर ३३ मेगाहर्ट्झ. कॅशमध्ये मावणारं काम दुप्पट वेगाने होतं, रॅमला हात लावला की वेग जुनाच. म्हणून त्या काळचे वेग मोजणारे बरेचसे प्रोग्राम आजही फसवतात. त्यांची चाचणी अंतर्गत कॅशमध्येच मावते, त्यामुळे आकडा दुप्पट येतो आणि खेळ मात्र तसाच अडखळतो. अशा वेळी बायोसचं पान उघडा. चिप बदलताना सीमॉस (बायोसच्या सेटिंगांची मेमरी) रीसेट केला असेल, तर बायोस जपून वागणाऱ्या मूळ सेटिंगांवर गेलेला असतो: बाहेरची कॅश बंद, रॅमला जादा वेट स्टेट (थांबण्याचे ठोके), व्हिडिओ बायोसचं शॅडो (रॅममधली वेगवान प्रत) बंद. चिप निर्दोष असूनही मशीन मागे पडण्याचं सर्वात नेहमीचं कारण हेच, आणि सर्वात शेवटी पाहिलं जाणारंही हेच. टर्बोच्या बटनाची वायरही बघून घ्या. नावात टर्बो असलं तरी त्या बटनाचं खरं काम मशीन हळू करणं हे होतं. जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) निघाला की काही बोर्ड कायमचे हळू चालतात.

नोव्हेंबर १९९५ मध्ये एएमडीची एएम५एक्स८६ आली: १३३ मेगाहर्ट्झ, १६ केबी राइट-बॅक कॅश (लेखन आधी स्वतःकडे ठेवून नंतर रॅमला देणारी), ३.४५ व्होल्ट. ५ व्होल्टच्या बोर्डावर ती रेग्युलेटर असलेल्या मधल्या सॉकेटाशिवाय बसवू नये. तिच्या बाबतीत दोन पिना महत्त्वाच्या. आर-१७ मोकळी असली तर गुणक (बसच्या वेगाची पट) तिप्पट, ग्राउंडला जोडली तर चौपट. इंटेलच्या डीएक्स४ मध्ये हीच ग्राउंडची जागा दुपटीची होती. एएमडीने तिलाच चौपट मानलं, म्हणजे जुन्या बोर्डांना वेगळा जंपर नको. त्यामुळे माहितीपुस्तिकेत 'दुप्पट' लिहिलेला जंपर लावायचा असतो. तो मोकळा सोडला तर चिप १०० वर चालते. दुसरी पिन बी-१३: रीसेटच्या वेळी ती हाय नसेल तर अंतर्गत कॅश राइट-थ्रू राहते, प्रत्येक लेखन बाहेरच्या बसवर जातं. पण बोर्डाला राइट-बॅक झेपतं का, हे वरच्या फ्लॉपीच्या तपासणीने आधी पाहा. बायोसच्या पडद्यावर 'डीएक्स४-१००' दिसलं तर तो पुरावा मानू नका. जुन्या बायोसला ही चिप माहीतच नसते.

त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या पेंटियम ओव्हरड्राइव्हची अडचण निराळी. तिच्यासाठीचं सॉकेट चिपच्या बरंच आधी बाजारात आलं होतं आणि 'पेंटियमसाठी तयार' म्हणून विकलेल्या अनेक बोर्डांना राइट-बॅक नीट जमत नाही. 'पी२४टी' नावाचा जंपर असेल तर तो लावावा लागतो. आणखी एक गोष्ट: तिच्या डोक्यावरचा पंखा चिपच निरखत असते. पंखा थांबला की गुणक सोडून ती बसच्याच वेगाने चालते, म्हणजे ८३ ऐवजी ३३. इतक्या वर्षांनी पंख्याचं वंगण सुकलेलं असतंच, तेव्हा मशीन उघडून पंखा फिरतोय का हे आधी बघा.

बाहेरची कॅश खरी आहे का, हाही प्रश्न आहे. १९९०च्या मध्यात काही स्वस्त बोर्डांवर कॅशच्या नावाने पोकळ प्लास्टिकचे तुकडे लावले गेले आणि बायोस '२५६ केबी' असं खोटंच दाखवत असे. पकडायला 'कॅशचेक' हा डॉसचा प्रोग्राम पुरतो. वाचनाचा वेग अंतर्गत कॅशच्या मापाला एकदा पडतो, २५६ केबीला दुसऱ्यांदा. दुसरी पायरी दिसलीच नाही, तर कॅश बंद आहे किंवा मुळात नाही.

प्रोसेसरसोबत रॅमही वाढवली असेल तर टॅगचं (कॅशमधली माहिती रॅममध्ये कुठली हे सांगणाऱ्या खुणेचं) गणित करा. २५६ केबी कॅश आणि ८ बिटांचा टॅग म्हणजे ६४ एमबीपर्यंतच कॅशचा लाभ. राइट-बॅकमध्ये त्यातला एक बिट 'डर्टी' खुणेसाठी (हे लेखन अजून रॅममध्ये पोचलेलं नाही हे सांगायला) गेला तर ३२ एमबी. पेंटियमच्या काळात इंटेलच्या ४३०एफएक्स, व्हीएक्स आणि टीएक्स चिपसेटांना ६४ एमबीचीच मर्यादा होती. विंडोज ९५ रॅम वरच्या टोकाकडून वापरायला घेतं, त्यामुळे १२८ एमबी बसवलेलं मशीन ६४ पेक्षा हळू वाटू शकतं. एएमडीच्या १९९९ च्या के६-३ प्रोसेसरने हा पेच बराचसा सोडवला, कारण २५६ केबीची दुसरी कॅश चिपमध्येच आली.

के६-२ च्या नंतरच्या आवृत्त्यांत 'दुप्पट' जंपरचा अर्थ सहापट केला गेला. ६६ च्या बसवर ४०० मिळतात, गाभ्याला २.२ व्होल्ट दिले तर. राइट अलोकेशन (लिहिताना ती जागा कॅशमध्येही आणणं) मात्र बायोसने चालू करायचं असतं. जुना बायोस ते करत नाही, म्हणून डॉसमध्ये 'सेटके६' वापरतात.

पीसीबाहेरही हेच. ॲपलच्या पॉवर मॅकमध्ये घातलेल्या अनेक जी३ प्रोसेसर कार्डांची बॅकसाइड कॅश (प्रोसेसरला वेगळ्या बसने जोडलेली) एक्स्टेन्शन, म्हणजे सिस्टिमसोबत सुरू होणारा छोटा प्रोग्राम, चालू करतं. शिफ्ट दाबून मशीन सुरू केलं की एक्स्टेन्शनं वगळली जातात आणि कॅश बंदच राहते. कमोडोरच्या अमिगा १२०० संगणकावर नुसतं ॲक्सिलरेटर कार्ड (नवा प्रोसेसर असलेलं) लावलं आणि त्यावर फास्ट रॅम (फक्त प्रोसेसरसाठीची) घातली नाही, तर नवा प्रोसेसर चित्र-ध्वनीच्या चिपांसोबत वाटून घेतलेल्या २ एमबी चिप रॅमच्या रांगेतच उभा राहतो. ६८०४० किंवा ६८०६० प्रोसेसर असेल तर त्याची लायब्ररी 'लिब्स' फोल्डरमध्ये हवी आणि स्टार्टअप-सीक्वेन्स फाइलमध्ये सेटपॅच हा प्रोग्राम अगदी सुरुवातीला चालायला हवा. त्यानंतर किकस्टार्ट रॉमची (अमिगाची मूळ प्रणाली असलेल्या चिपची) प्रत फास्ट रॅममध्ये ठेवा. रॉम वाचणं या प्रोसेसरांच्या मानाने फारच मंद असतं.