सोफा, कूलर आणि हवेतलं पाणी

आमच्या जुन्या सोफ्याची साल निघू लागली ती कूलरच्या बाजूने. तिसरा उन्हाळा होता. डाव्या हातावर आधी बारीक भेगा दिसल्या, मग पापुद्रे सुटले, आणि जूनअखेर शाळा सुरू झाली तेव्हा मुलांच्या गणवेशाला मागून काळे कण चिकटलेले असायचे. उजव्या बाजूला मुलं दिवसभर उड्या मारायची. ती बाजू मात्र शाबूत होती! तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे: नागपुरात सोफा घेताना पोरांच्या दंग्याआधी हवेतल्या पाण्याचा विचार करायला हवा.

आपली हवा आठवून पाहा. 23 मे 2013 रोजी इथे 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं. मे महिन्याच्या दुपारी बाहेर हवा कोरडी ठाक, आणि घरात मात्र कूलर रात्रंदिवस ओलसर वारा फेकत असतो. दीड महिन्याने पावसाळा लागतो, तेव्हा पापडसुद्धा डब्याबाहेर टिकत नाहीत. सोफ्याचं लाकूड, फोम, कापड हे सगळं सोसतं.

साल निघण्यामागचं रसायनशास्त्र सोपं आहे. दुकानात ज्याला लेदरेट म्हणतात, ते बहुतेक वेळा कापडावर चढवलेला पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पातळ थर असतो. त्याच्या स्वस्त प्रकारांत रेणूंच्या साखळ्या एस्टर बंधांनी जोडलेल्या असतात. एस्टर तयार होताना पाण्याचा रेणू बाहेर पडतो. पुढे ओलावा आणि उष्णता मिळाली की पाणी परत आत शिरतं आणि तोच बंध तोडतं. याला जलीय विच्छेदन म्हणतात. बंध तुटला की आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची तोडफोड आणखी वेगाने घडवतं. म्हणून एकदा पापुद्रे सुटले की कुठलंही पॉलिश, कुठलाही स्प्रे कामाचा नाही. पीव्हीसीच्या रेक्झिनचं दुखणं वेगळं. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उष्णतेने हळूहळू निघून जातं, मग ते कडक होऊन तडकतं. घरात कूलर असेल तर मी सरळ कापडच घ्या म्हणेन.

कापडाची घासणी सोसण्याची ताकद मार्टिनडेल चाचणीत मोजतात. यंत्र लोकरी कापडाने नमुना घासत राहतं आणि किती फेऱ्यांनंतर धागे तुटले ते पाहतात. घरगुती वापराला 20 ते 30 हजार फेऱ्या चांगल्या. हा आकडा दुकानदाराला विचाराच, चांगल्या कापडाच्या नमुना-पुस्तिकेत तो छापलेला असतो. आणि तर्री-पोह्यांची प्लेट कधी ना कधी सोफ्यावर सांडणारच. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, साबण लागला की लाल होतं. पण उन्हात ते मोडतं. म्हणून चेन असलेली, काढून धुता येणारी कव्हरं घ्या. नागपूरचं ऊन उरलेला डाग फिकट करून देईल.

आता फोम, कारण खरी फसगत इथे होते. 1937 साली जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर यांच्या चमूने पॉलियुरेथेन तयार केलं, आणि सोफ्यातला फोमही त्याचाच असतो. फोम बनवताना रसायनांच्या मिश्रणात थोडं पाणी असतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मिश्रण ढोकळ्यासारखं फुगतं. जितकं जास्त फुगवाल तितका माल कमी आणि हवा जास्त. एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन म्हणजे त्याची डेन्सिटी. फोम मऊ की कडक, हा प्रश्न वेगळा. कमी डेन्सिटीचा फोमही कडक बनवता येतो, म्हणून दुकानात बसून पाहिल्यावर काहीच कळत नाही. त्याच्या पातळ भिंती रोजच्या दाबाने मोडतात आणि वर्षभरात बसायच्या जागी खड्डा पडतो.

वजन मात्र खोटं बोलत नाही. नवा सोफा घेताना मी बॅग तोलायचा काटा सोबत नेला. गादी 24 इंच लांब, 24 रुंद, 5 जाड, म्हणजे 2880 घनइंच. कव्हर काढून काट्याला अडकवली तर 1.9 किलो भरली. किलोला 61,000 ने (एका घनमीटरात साधारण तेवढे घनइंच असतात) गुणायचं आणि गादीच्या घनइंचांनी भागायचं: उत्तर आलं 40. बैठकीला एवढं हवंच. शेजारचा, दिसायला हुबेहूब सोफा होता, त्याची तेवढीच गादी 1.1 किलोची निघाली, म्हणजे डेन्सिटी जेमतेम 23. पाठीला एवढी चालून जाते, बैठकीला नाही. काही ठिकाणी फोममध्ये खडूची भुकटी घालून वजन वाढवतात, त्यामुळे गादी मुठीत दाबून ती झटकन फुलते का तेही बघावं.

सांगाड्यासाठी सागाची बरोबरी नाही, आणि आलापल्ली-बल्लारशाचा साग तर आपल्या दाराशीच आहे. कोरड्या हवेत, 20 टक्के आर्द्रतेला, लाकडात जेमतेम 4-5 टक्के पाणी उरतं. 80 टक्क्यांना ते 15-16 वर जातं. या ये-जा करणाऱ्या पाण्याने फळी रुंदीत फुगते-आक्रसते, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे सांधे दरवर्षी थोडे थोडे ढिले होतात. साग मुळातच कमी हलतो, शिवाय त्यातलं टेक्टोक्विनोन हे रसायन उधईला सोसत नाही. पण हा गुण गडद गाभ्याचा आहे, कडेच्या फिकट लाकडाचा नाही. दुकानदाराला सोफा उलटा करायला सांगा आणि खालचा रंग पाहा. प्लायवूड असेल तर बीडब्ल्यूआर शिक्का शोधा. त्याचा फिनॉलचा गोंद उकळत्या पाण्यालाही टिकतो. साध्या, एमआर शिक्क्याच्या प्लायचा युरिया गोंद सततच्या ओलीने सुटत जातो.

पाय बघायला बहुतेक जण विसरतात. लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकातून, कारण झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तिथे उघड्या असतात. आणि सोफ्याचे पाय रोज पोछ्याच्या ओल्या फरशीवर नेमके त्याच टोकांवर उभे असतात. आमच्याकडे सोफा घरी आला त्याच दिवशी चारही टोकांना पॉलिशचे दोन हात दिले आणि खालून रबरी बूच बसवले. कूलर खिडकीतच राहिला, सोफा समोरच्या भिंतीला गेला.