एकच गुहा, दोन चित्रपट

माहितीपट आवडतात असं म्हटलं की समोरचा हमखास एखाद्या ‘सत्य घटनेवर आधारित’ सिनेमाचं नाव सुचवतो. घटना खरी, माणसं खरी, मग फरक काय? ‘माहितीपटात सगळं खरं असतं आणि सिनेमात नट असतात’ हे ठरलेलं उत्तर. थायलंडच्या गुहेवरचे दोन चित्रपट लागोपाठ पाहिले की ते उत्तर कुठे तोकडं पडतं ते लक्षात येतं.

घटना बहुतेकांना आठवत असेल. 23 जून 2018 रोजी चिआंग राय प्रांतातल्या थाम लुआंग गुहेत एका फुटबॉल संघातली 12 मुलं आणि त्यांचा तरुण प्रशिक्षक शिरले, आणि पावसाच्या पाण्यानं परतीची वाट बुडाली. 2 जुलैला रिक स्टँटन आणि जॉन वोलँथन या ब्रिटिश पाणबुड्यांना ते जिवंत सापडले. 8 ते 10 जुलै या तीन दिवसांत 13 जण बाहेर आले. (पाणी उपसण्याच्या कामात मदतीला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ गेले होते, त्यामुळे आपल्याकडे त्या बातमीला जरा घरचा रंग चढला होता.) यावर एलिझाबेथ चाय वासरहेली आणि जिमी चिन यांचा ‘द रेस्क्यू’ हा माहितीपट 2021 मध्ये आला. पुढच्याच वर्षी रॉन हॉवर्डचा ‘थर्टीन लाइव्ह्ज’ हा सिनेमा आला.

आता गंमत बघा. ‘द रेस्क्यू’मधली पाण्याखालची बरीच दृश्यं घटनेच्या वेळची नाहीतच. हाताला हात दिसत नाही अशा गढूळ पाण्यात मुलाला घेऊन निघालेला माणूस शूटिंग कुठून करणार? दिग्दर्शकांनी त्याच पाणबुड्यांना इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओच्या टाकीत उतरवलं आणि गुहेत जे केलं ते पुन्हा करून दाखवायला सांगितलं. म्हणजे माहितीपटातही ‘करून दाखवणं’ आलंच. पण टाकीत उतरलेला माणूस तोच आहे. पट्टा कसा आवळला हे त्याच्या हातांना ठाऊक आहे आणि चुकीचं दाखवलं तर जबाब त्यालाच द्यावा लागणार. ‘थर्टीन लाइव्ह्ज’साठीही स्टँटननं सल्लागार म्हणून काम केलं, तरी पडद्यावर त्याच्या जागी असतो तो नट व्हिगो मॉर्टेन्सन, आणि गुहा असते ऑस्ट्रेलियात उभारलेला सेट.

सगळ्यात जास्त फरक जाणवतो तो भूल देण्याच्या प्रसंगात. मुलं पाण्याखाली घाबरली तर स्वतःही मरतील आणि सोबतच्यालाही ओढतील, म्हणून ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस यांनी त्यांना केटामाइन देऊन बेशुद्ध केलं, हात मागे बांधले आणि वाटेत जाग येऊ लागली तर इंजेक्शन द्यायला डॉक्टर नसलेल्या पाणबुड्यांनाच शिकवलं. सिनेमात जोएल एजर्टन हे उत्तम करतो. त्याच्या चेहऱ्यावर ताण स्पष्ट दिसतो. माहितीपटात खुद्द हॅरिस समोर बसून सांगतात की आपल्याला हे जमेल असं वाटतच नव्हतं. नट भीती दाखवतो. इथे माणूस आपण काय केलं ते कबूल करतोय. मला तरी दुसरं जड वाटलं.

म्हणून पुनर्चित्रण दिसलं रे दिसलं की ‘हा कसला माहितीपट’ म्हणून नाक मुरडू नये. एरॉल मॉरिसच्या 1988 च्या ‘द थिन ब्लू लाइन’ या माहितीपटात एकाच खुनाचं दृश्य वेगवेगळ्या प्रकारे पुन्हा पुन्हा येतं, कारण प्रत्येक साक्षीदार वेगळं सांगतोय. त्या खुनासाठी तुरुंगात असलेला रँडल डेल अ‍ॅडम्स 1989 मध्ये सुटला.

पण माहितीपटाला मर्यादा असतातच. ‘द रेस्क्यू’मध्ये मुलांच्या मुलाखतीच नाहीत, कारण त्यांच्या कथेचे हक्क नेटफ्लिक्सकडे गेले होते. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप, तीच गप्प. बोलतात ते मुख्यतः पाणबुडे, आणि मग गोष्टही त्यांचीच होते. सिनेमाला असली अडचण नसते. डोंगरावरून वळवलेलं पाणी आपल्या शेतात सोडू देणारे, हातचं पीक घालवणारे शेतकरी ‘थर्टीन लाइव्ह्ज’मध्ये नीट भेटतात. तिथे सिनेमा माहितीपटाच्या पुढे जातो, हे मान्य करायला हवं. बाकी जवळपास अडीच तास तो इतका संयमानं चालतो की अधूनमधून माहितीपटच वाटतो. गोंधळ होतो तो यामुळेच.

दोन्ही बघणार असाल तर आधी ‘द रेस्क्यू’ बघा. उलट क्रमानं पाहिलंत तर स्टँटन बोलत असतानाही डोळ्यांसमोर मॉर्टेन्सनच येत राहील. आणि मुलांच्या तोंडून ऐकायचं असेल तर 2022 चा ‘द ट्रॅप्ड 13’ हा वेगळा माहितीपट आहे. त्यात ती स्वतः बोलतात.