संमिश्र छायाचित्र (वन्यजीव व निसर्गदृश्य)

निरनिराळ्या जागी किंवा निरनिराळ्या वेळी टिपलेल्या छायाचित्रांचे भाग जोडून तयार केलेले एकसंध चित्र. एका फोटोतला प्राणी, दुसऱ्यातले रान आणि तिसऱ्यातले आभाळ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर) आणि मास्क (थराचा नको तो भाग झाकण्याची सोय) वापरून एकत्र आणतात. पॅनोरमा (रुंद दृश्य), फोकस स्टॅकिंग (जवळचे-लांबचे सारे स्पष्ट दिसावे म्हणून) किंवा एक्स्पोजर ब्लेंडिंगमध्येही (उजळ आणि गडद भाग दोन्ही नीट यावेत म्हणून) अनेक फ्रेम जोडतात, पण त्या एकाच जागेवरून लागोपाठ घेतलेल्या असतात. त्यांना सहसा संमिश्र म्हणत नाहीत आणि ते रास्तच आहे.

हे तंत्र संगणकापेक्षा जुने आहे. एकोणिसाव्या शतकात फोटो टिपायला वापरत त्या कोलोडियन (एक चिकट रसायन) लावलेल्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत. समुद्र नीट उमटेपर्यंत आभाळ पांढरेफटक पडे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५०च्या दशकात समुद्राची एक आणि आभाळाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह एकाच कागदावर छापल्या आणि सांधा क्षितिजरेषेत लपवला. छायाचित्रकार ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच चित्र उभे केले. फोटोशॉप १९९० मध्ये आले, त्यात लेयरची सोय १९९४ मध्ये झाली आणि २०२० पासून आभाळ आपोआप बदलता येऊ लागले.

कापणे आणि चिकटवणे आता मिनिटांचे काम आहे. चित्र पटते की नाही, हे मात्र प्रकाशावर ठरते. भर दुपारी टिपलेला बिबट्या संध्याकाळच्या कातळावर बसवला, तर त्याच्या पाठीवर वरून पडलेले कडक ऊन तसेच राहते, आणि कातळाच्या सावल्या मात्र आडव्या लांब पसरलेल्या असतात. रंगाची ऊब नंतर जुळवता येते, उन्हाची दिशा फारशी बदलता येत नाही. म्हणून आधी प्रकाश जुळणारे फोटो निवडावेत, मग सॉफ्टवेअर उघडावे. कॅमेऱ्याची उंचीही जुळायला हवी: गाडीतून खाली पाहत टिपलेले हरीण जमिनीलगतच्या दृश्यात घसरल्यासारखे दिसते.

खरी कसोटी पंजांपाशी लागते. प्राणी जिथे जमिनीला टेकतो तिथे एक अगदी बारीक, गडद सावली असते. ती नसेल तर प्राणी तरंगतो. गवतात उभ्या असलेल्या प्राण्याचे खूर पूर्ण दिसत नाहीत, म्हणून पुढची काही पाती मास्कमधून पुन्हा पायांवर आणावी लागतात. दुसरी अवघड जागा म्हणजे केसांची कड. मूळ पार्श्वभूमी उजळ असेल तर केसांच्या टोकांना तिची पांढरट किनार चिकटून येते. ती काढताना कड कात्रीने कापल्यासारखी होऊ नये, यातच हातोटी आहे. लांबच्या डोंगरावर धुरकटपणा हवा, पाण्यात प्रतिबिंब हवे आणि दोन्ही फोटोंचा नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) सारखा हवा.

चंद्राबाबत सर्वाधिक चुका होतात. आकाशात चंद्र जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे वाइड लेन्सच्या (रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगाच्या) दृश्यात त्याचा प्रचंड गोळा खोटा वाटतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. मावळतीच्या सूर्याशेजारी तो येऊच शकत नाही. चंद्रकोरीच्या अंधाऱ्या भागात चांदणी दाखवणे हीदेखील नेहमीची चूक.

चित्र संमिश्र आहे असे सांगून दाखवले तर ती कला आहे आणि तिला पूर्ण मान मिळायला हवा. न सांगता दाखवले तर तो पाहणाऱ्याचा विश्वासघात ठरतो, कारण वन्यजीवाचा फोटो तो प्राणी तिथे होता याची साक्ष म्हणून पाहिला जातो. नॅशनल जिओग्राफिक मासिकाने फेब्रुवारी १९८२च्या उभ्या मुखपृष्ठासाठी आडव्या फोटोतले गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले, तेव्हाही मोठी टीका झाली. हा विश्वास राखण्यासाठी अनेक वन्यजीव स्पर्धा आता अंतिम फेरीत मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली संपादन न केलेली फाइल) मागतात. स्वीडनमध्ये २०११ साली एका नामवंत छायाचित्रकाराने दुसऱ्यांच्या फोटोंमधले लिंक्स (एक रानमांजर) आपल्या जंगलदृश्यांत बसवल्याचे उघड झाले आणि त्याने ते कबूलही केले. संशयाचे कारण ठरलेल्या एका चित्राची तारीख जुलैची होती आणि त्यातल्या लिंक्सच्या अंगावर हिवाळ्यातले दाट केस होते.