नागपुरात ड्राफ्ट क्राफ्ट बिअर पार्सल विकायची असल्यास : परवाना, पात्रता आणि कागदपत्रे

केगमधील (बिअरच्या धातूच्या पिंपातील) ताजी क्राफ्ट बिअर, म्हणजे लहान प्रमाणावर बनवलेली बिअर, नळावरून ग्राउलरमध्ये (घट्ट झाकणाच्या मोठ्या बाटलीत) भरून ग्राहकाला घरी नेण्यासाठी देण्याचा विचार असलेल्या नागपुरातील व्यावसायिकाने यंत्रसामग्रीवर खर्च करण्यापूर्वी आपल्या परवान्याचा प्रकार तपासावा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 आणि त्याखालील नियमांनुसार परवान्यात नमूद केलेल्या पद्धतीनेच मद्य विकता येते. एफएल-2 म्हणजे वाईन शॉप आणि एफएल/बीआर-2 म्हणजे बिअर शॉपी. या दोन्ही ठिकाणी फक्त सीलबंद बाटल्या व कॅन विकता येतात, त्यामुळे तेथे नळ बसवून सुटी बिअर भरून देणे हा परवान्याच्या अटींचा भंग ठरतो. एफएल-3 परवाना परमिट रूमचा असून तो जागेवर बसून पिण्यासाठी आहे.

सुटी ताजी बिअर तयार करण्याचा मार्ग मायक्रोब्रुअरीच्या, म्हणजे लहान प्रमाणावर बिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या, बीआरएल (बिअरनिर्मिती) परवान्यातून जातो. कोरोनाकाळात, 2020 मध्ये, राज्याने ग्राउलरमधून बिअर घरी नेऊ देण्याची मुभा दिली, ती या मायक्रोब्रुअरींना होती, किरकोळ दुकानांना नव्हती. ही मर्यादा मला योग्य वाटते, कारण अशी बिअर बहुधा पाश्चराइझ (तापवून जंतुमुक्त) केलेली नसते, थंड ठेवली नाही तर लवकर बिघडते, आणि ती कोणत्या घाण्यातील (एका वेळी बनवलेल्या साठ्यातील) आहे याचा जबाब निर्मात्याकडूनच मिळू शकतो. पार्सल विक्रीची सध्याची अट अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क, नागपूर यांच्या कार्यालयातून लेखी मागून घ्यावी. तोंडी आश्वासनावर गुंतवणूक करू नये.

ज्यांना क्राफ्ट बिअर सीलबंद स्वरूपात विकणे पुरेसे आहे, त्यांनी बिअर शॉपीसाठी अर्ज करावा, कारण नवे वाईन शॉप परवाने राज्यात अनेक दशकांपासून सर्वसाधारणपणे दिले जात नाहीत. अर्जासोबत वय व रहिवासाचा पुरावा, पॅन, मालकीचा दस्त किंवा नोंदणीकृत भाडेकरार, मंजूर नकाशा, मालमत्ता कराची पावती, अन्न परवाना, भागीदारी असल्यास भागीदारीपत्र, प्रतिज्ञापत्र आणि शुल्क भरल्याचे चलन तयार ठेवावे. जागा गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत असल्यास संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र आधीच मिळवावे. नव्या दुकानांसाठी ते आवश्यक करण्याची घोषणा मार्च 2025 मध्ये विधानसभेत झाली आहे. अर्ज दाखल झाल्यावर निरीक्षक जागेची पाहणी करून शाळा व धार्मिक स्थळांपासूनचे अंतर मोजतात, अर्जदाराची पोलीस पडताळणी होते आणि निर्णय जिल्हाधिकारी घेतात.

जागेबाबत अनेक अर्ज अडतात. महामार्गालगतच्या दुकानांवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये 500 मीटरची मनाई घातली होती. जुलै 2017 च्या स्पष्टीकरणानुसार ती महापालिका हद्दीला लागू नाही, मात्र हद्दीबाहेरील ग्रामपंचायतीत जागा घेणाऱ्याने हा मुद्दा अधीक्षकांकडून तपासून घ्यावा.

बिअरसाठी ग्राहकाचे वय किमान 21 वर्षे असावे आणि त्याच्याकडे मद्यसेवन परवाना असावा. बिअर ज्यात मोडते त्या विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना 5 रुपयांना, वार्षिक 100 रुपयांना आणि आजीवन 1000 रुपयांना मिळतो. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी असल्याने नागपुरात घेतलेली बाटली तेथे नेणे गुन्हा ठरतो, हे वर्धा मार्गावरील दुकानदाराने काउंटरवर ठळक लिहून लावावे.